मायची खोळ

पुरातत्त्व खात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी इकडंतिकडं बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "मग, सापडलं का काही?" काही म्हणजे सोनं. अहो, कुठलं सोनं! सबंध नोकरीत मला सापडल्या त्या फुटक्या पणत्या, बकऱ्यांच्या लेंड्या आणि देवळाच्या खांबांवर खिळ्यानं कोरलेली प्रेमिकांची नावं.

माझं पद वॉचमनच्या वर आणि साहेबाच्या खाली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या संरक्षित जागा फिरून पाहायच्या, भिंत फुगली का, पिंपळ उगवला का, कोणी खणलं का, याचा मुआयना करायचा आणि हैदराबादला रिपोर्ट धाडायचा. मुआयना हा निजामाच्या वेळचा शब्द, तो आंध्र प्रदेश झाल्यावरही आमच्या कचेरीतून हलला नाही. साहेब तेलुगू, कागद इंग्रजी, बोलीत उर्दू, आणि जायचं त्या सरहद्दीच्या गावांत सगळे मराठी. मधे मी. आयुष्यभर मी एकच वाक्य चार भाषांत बोललो: हात लावू नका.

गिऱ्हाइकंही एकेक नग. इचोड्याजवळच्या एका जुन्या देवळाच्या मंडपात एका शेतकऱ्यानं छतापर्यंत कापूस कोंबला होता. मी दरडावलं तर शांतपणे म्हणतो, "तुमी देऊळ राखून राह्यले, मी कापूस राखून राह्यलो. आपलं दोघायचं काम एकच हाये नं?" आणखी एक जण गढीखालचं गुप्तधन खणायची परवानगी मागायला रीतसर दरखास्त घेऊन आला होता, निम्मं सरकारला देण्याच्या बोलीवर. त्याला वाटेला लावताना माझी पुरेवाट झाली. या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, मीही हसतो. एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं काही उरत नाही. ती आज लिहितो.

आधी आमचं काम कसं चालतं ते समजून घ्या. एखादा जुना दगड, देऊळ, बारव साहेबांच्या नजरेला पडली की तिची मिसल तयार होते. मिसल म्हणजे फाइल. मग राजपत्रात छापून येतं, गावात नोटीस लागते, कोणाचा आक्षेप असेल तर मुदतीत कळवा म्हणून. मुदत संपली की ती वस्तू सरकारच्या रक्षणात आली. तिथं निळी पाटी लागते. तिथून पुढं तिला रंग फासायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, शेजारी काही उभारायचं नाही. कायदा वाईट नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. गिट्टी होऊन रस्त्यात जाणारे कितीतरी कोरीव खांब त्या कायद्यानं मी वाचवले आहेत.

नार्नूरच्या पलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावाबाहेर चिंचेखाली दगडी ओटा, आणि ओट्यावर माय. माय म्हणजे गुडघाभर उंचीचा शेंदराचा गोळा. हात नाहीत, पाय नाहीत, नुसते चांदीचे दोन डोळे, तेही थोडे तिरपे. पोराला गोवर येवो, बैल हरवो की मुलगी सासरी निघो, आधी माय. दर मंगळवारी तेलात शेंदूर कालवून तिच्या अंगाला लावायचा मान एका घरचा होता, आणि त्या घरात आता उरली होती एकटी सुभद्राबाई. कपाळ रिकामं, आवाज पहाडी, जिभेला हाड नाही.

आमचं घर बौद्ध. माझ्या बापानं त्याच भागात दुसऱ्यांच्या शेतात सालदारकी केली, आणि असल्या ओट्यावर पाय ठेवायची त्याची प्राज्ञा नव्हती. मी गेलो तो सरकारी माणूस म्हणून. पहिल्याच भेटीत सुभद्राबाईनं मला कपबशीत चहा दिला. मी सवयीनं कप विसळायला उठलो, तर म्हणाली, "राहू द्या वामनबाबू, गेले आता ते दिवस." गेले होते, की माझ्यामागं उभी असलेली जीप बघून गेले होते, ते मी विचारलं नाही. पण पुढं त्या बाईचा आणि माझा जीव जमला, हे खरं.

मायच्या पाठीमागं शेंदराला एक तडा होता. आमचे नवे साहेब, तरुण, हुशार, मनानं सरळ माणूस, त्यांनी त्या तड्यातून आत पाहिलं आणि एकदम गुडघ्यावर बसले. आत काळा गुळगुळीत पाषाण, आणि त्याला खांद्याची गोलाई. "वामन, ये गोला नहीं है," ते म्हणाले, "अंदर कोई बैठा है."

नोटीस लागली, शाळेच्या भिंतीवर. तेलुगूत आणि इंग्रजीत. गाव मराठी वाचणारं. शाळेतल्या मास्तरांनी ती वाचून सांगितली, की सरकार मायचं संरक्षण करणार आहे. आता संरक्षण या शब्दाचा गावानं काय अर्थ घ्यावा? त्यांना वाटलं, पत्र्याचं शेड मिळणार. शेजारच्या गावच्या मारुतीला आमदारानं शेड दिलं होतं, आता आपल्या मायला थेट सरकार देऊन राह्यलं. पोरांनी नारळ फोडले. मी सांगितलं, शेड नाही, इथं सरकारचा कायदा लागणार, कोणाला हरकत असेल तर लिहून द्या. म्हातारे माझ्याकडं बघत राहिले. इंद्रवेल्लीला आदिवासींच्या सभेवर पोलिसांचा गोळीबार होऊन फार वर्षं झाली नव्हती. त्या मुलखात सरकारला हरकत लिहून देणारा माणूस कुठून आणायचा? मुदत निघून गेली. मिसलीत लिहिलं गेलं, आक्षेप नाही.

मग हुकूम आला, शेंदूर काढून मूर्ती साफ करावी.

मी सुभद्राबाईला सांगायला गेलो. वाटलं होतं, बाई आता अंगावर येणार. ती उलट खुलली. "खोळ टाकनार म्हना की माय!" म्हणाली. मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. शेंदराचे थर साचत साचत फार जड झाले की कधीतरी ते आपोआप सुटून पडतात. साप कात टाकतो तशी माय खोळ टाकते. तिच्या सासूच्या उमेदीत एकदा टाकली होती. त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. खोळ नव्या लुगड्यात गुंडाळली, डफ वाजवत पैनगंगेवर नेली, बाया रडत रडत मागं, लेक सासरी चालली जशी. ती पाण्यात सोडली, आणि आल्याबरोबर मायला नवा शेंदूर लावला. "खोय म्हंजे मायच असते बाबू," ती म्हणाली. "आमच्या सासवायनं, त्यायच्या सासवायनं हातानं लावलेली. दगड तं नुसता तिचा बसाचा पाट हाये."

हे मी ऐकलं. चांगलं कान देऊन ऐकलं. साहेबांना हिंदीत सांगितलंही. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "बहुत इंटरेस्टिंग है, रिपोर्ट में डालेंगे." आणि घातलंही हो, एक ओळ.

शेंदूर काढणं हे घिसाडघाईचं काम नाही. लोखंड लावायचं नाही, खरवडायचं नाही. कागदाचा लगदा करायचा, तो औषधाच्या पाण्यात भिजवून अंगावर थापायचा, वाळू द्यायचा. लगदा तेल आणि शेंदूर ओढून घेतो. मग तो अलगद उतरवायचा, मऊ ब्रशानं पुसायचं, पुन्हा थापायचा. डोळ्याला झोंबतं, खोकला येतो, पण काम देखणं होतं. मला त्या कामाचा अभिमान होता. आणि खरं सांगू? माझ्या बापाला जिथं खाली उभं राहावं लागलं, त्या ओट्यावर मांडी घालून मी मायला न्हाऊ घालत होतो, आणि सबंध गाव खाली उभं राहून बघत होतं. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

चांदीचे डोळे आधी काढले. त्यांचा पंचनामा करून ते सुभद्राबाईच्या हातात दिले. तिनं ते पदराच्या टोकात बांधले. थराखाली थर निघत गेले, वरचा भडक, आतला विटकरी, अगदी आतला तपकिरी. बाया गाणी म्हणत होत्या. खांदा आला. छाती आली, सपाट, पुरुषाची. गाणी थांबली. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळहात आले. कुरळे केस आले, लांब कान आले आणि शेवटी चेहरा आला. अर्धवट मिटलेले डोळे, ओठांवर असं हसू की बघत राहावं. अंगावर धागा नाही.

साहेबांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तीर्थंकर," ते म्हणाले. जैनांचा देव, शेकडो वर्षांपूर्वीचा, नाकाचा शेंडासुद्धा शाबूत.

बायांनी डोक्यावरचे पदर पुढं ओढले. कोणीतरी पोरगं फिदीफिदी हसलं, त्याला थप्पड बसली. सुभद्राबाई पुढं आली. तिनं वाकून त्या चेहऱ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हे कोन बुवा हायेत?"

मी सांगितलं.

"असतीन," ती म्हणाली. "भले मानूस दिसून राह्यले. पन आमची माय कुठं गेली?"

तेव्हा मला वाटलं, बाई अडाणी आहे, होईल सवय.

संध्याकाळी तिनं नेहमीची वाटी आणली, तेलात कालवलेला शेंदूर. खोळ टाकल्यावर नवा शेंदूर लावायची रीतच होती. मी आडवा आलो. म्हणालो, "मावशी, आता हात लावता येत नाही." ती हसली, मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग माझं तोंड बघून तिनं वाटी खाली ठेवली. "काऊन?" तिनं विचारलं. नुसतं काऊन, का म्हणून. मी कायदा सांगितला. निळी पाटी दाखवली. ती वाटी तिथंच टाकून ती निघून गेली.

आणि खोळ? खोळ लगद्यात गेली होती. पोती भरली होती तिची. शेंदूर म्हणजे शिसं, विषारी. नियम असा की तो वाहत्या पाण्याजवळ, पिण्याच्या पाण्याजवळ टाकायचा नाही, लांब खड्डा करून पुरायचा. नियम योग्य आहे. गावापासून दूर माळावर मजुरांनी खड्डा केला, मी उभा राहून पोती पुरून घेतली. डफाचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता. पण जीपमध्ये डफ कोण वाजवणार? आणि कोणासाठी, कागदाच्या लगद्यासाठी? त्या दिवशी मला ते हसण्यासारखं वाटलं.

पुढं जे झालं ते रीतसर झालं. पेपरात फोटो आला. लांबून जैन व्यापारी गाड्या करून आले, ओट्यासमोर साष्टांग पडले, "ये तो हमारे भगवान हैं," म्हणाले, आणि खोटं काही बोलत नव्हते. गावची पोरं म्हणाली, मग घेऊन जा तुमचे भगवान, आमची माय आम्हाला द्या. शब्दाला शब्द लागला. थोड्या दिवसांनी एका सकाळी मूर्तीच्या बुडाशी पहारीचे ओरखडे दिसले. एवढी वर्षं चोरालासुद्धा तिथं शेंदराचा गोळाच दिसत होता, आता त्यालाही आत कोण बसलंय ते कळलं होतं. मी ताबडतोब रिपोर्ट केला. साहेबांनी ताबडतोब हुकूम काढला आणि मूर्ती हैदराबादच्या म्युझियमात सुरक्षित ठेवायचं ठरलं. यात कोणाचं काय चुकलं? मी कितीदा ती मिसल मनातल्या मनात उलटून पाहिली आहे. एक कागद चुकीचा नाही.

ट्रक घेऊन मी गेलो तो गाव आडवं येईल या तयारीनंच. कोणी आलं नाही. आडवं आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आपल्या घरी उतरलेला पाहुणा परत निघाल्यावर माणसं दारात उभी राहतात, तशी ती उभी होती. सुभद्राबाई तर घराबाहेरही आली नाही.

ओटा राहिला. पाटीही राहिली, कारण जागा एकदा संरक्षणात घेतली की बाहेर काढायला घेण्यापेक्षा मोठी मिसल लागते, आणि ती चालवायला कोणाला वेळ नव्हता. एकदा गावानं त्या ओट्यावर नवा धोंडा मांडून त्याला शेंदूर लावला. मुआयन्यात तो माझ्या वॉचमनच्या नजरेला पडला आणि नियमाप्रमाणे खाली उतरवला गेला. मग त्यांनी नाद सोडला. अशा रीतीनं आमचं खातं कित्येक वर्षं रिकाम्या ओट्याचं संरक्षण करत होतं. मी पुढच्या मुआयन्यांना त्या गावात जीपमधून उतरायचं टाळू लागलो. चिंचेखाली गाडी थांबवायची, ओटा बघायचा, निघायचं.

शेवटी माझी बदली हैदराबादला झाली, त्याच म्युझियमात. तीर्थंकर तिथं उत्तम होते. अंगावर दिवा, खाली पॉलिश केलेला चौथरा, बाजूला पितळी पट्टी. शाळेची पोरं रांगेनं यायची, हात लावायला जायची आणि मी ओरडायचो.

एका दुपारी दारातला शिपाई म्हणाला, "कोई बुढ्ढी आपको पूछ रही है." सुभद्राबाई. पार वाळून गेलेली, डोळ्यांवर हिरवी पट्टी, हात धरायला भाचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, परतीच्या गाडीला वेळ होता. पट्टीखालून मला पाहिलं आणि म्हणाली, "वामनबाबू, म्हतारे झाले की हो! टक्कल पडलं!" मला हसू आलं.

मी तिला हाताला धरून आत नेलं. तीर्थंकरांसमोर उभी केली. तिनं पट्टी जराशी वर सरकवली, एका डोळ्यानं बघितलं, आणि ओळखीच्या माणसाला बोलावं तशी बोलली, "बरे हाये नं बुवा? बस्तान चांगलं देल्लं तुमाले." मग माझ्याकडं वळून, "बिचारे. इतकी सालं आमच्या मायले अंगावर घेऊन बसले, चकार शब्द नाई." तिनं मनापासून हात जोडले. मला वाटलं, चला, झालं, बाईची समजूत पटली. इतक्या वर्षांचं मनावरचं ओझं उतरलंसं वाटून मी तिला बसायला बाक दाखवला.

ती बसली. कनवटीची पिशवी काढली, तिच्यातून चिंधीची पुरचुंडी, आणि पुरचुंडीतून चांदीचे ते दोन डोळे. घासून घासून लखलखीत. तळहातावर तिरपे ठेवून तिनं ते माझ्यापुढं धरले.

"डोये माह्यापाशी हायेत," ती म्हणाली. "बाकीची कुठं हाये?"

मी तीर्थंकरांकडं पाहिलं.

"तुमी कुठं ठेवली ते इचारून राह्यली मी. रागावून नाई इचारत. आता माहं बी व्हत आलं, म्हनून."

मी सांगितलं. पोती, माळ, खड्डा. ते विष असतं म्हणून पाण्यात टाकता येत नाही, हेही सांगितलं. तिनं मान हलवली, समजून घेतल्यासारखी. भाचा म्हणाला, मावशी, गाडीची वेळ झाली. तिनं डोळे पुन्हा चिंधीत गुंडाळले, गाठ मारली, उठायला माझा हात धरला आणि उठता उठता थांबली.

"वाजत नेली का?"

"नाही, मावशी."

"कोनीच नाई वाजोलं?"

"नाही."

तिचा हात माझ्या हातात होता.

"मंग तिले वाटलं असंन," ती म्हणाली, "आपल्याले हाकलून देल्लं."